गोळीच्या आधीचा श्वास

त्या हिवाळ्यात आमच्या घरात सगळ्यात जास्त बोलणं माझ्या हातांविषयी होत असे. ते थरथरायचे. नेहमी नाही, कुणी बघत असलं की. एकटा असताना मी घड्याळाचं मागचं झाकण उघडून, आतला केसासारखा स्क्रू काढून परत बसवू शकत होतो. पण समोर माणूस उभा राहिला आणि माझ्याकडून काही अपेक्षा करू लागला, की डाव्या हाताची शेवटची दोन बोटं आधी हलायची, मग मनगट, आणि मग मला जांभया यायच्या. घाबरल्यावर जांभई येते हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. रत्नागिरीला मॅट्रिकच्या परीक्षेत मी इतक्या जांभया दिल्या की वर्गावरच्या मास्तरांनी मला उठवून तोंड धुऊन यायला लावलं होतं. पास झालो, आणि त्याच वर्षी बोटीने दुबईला अब्बांकडे आलो. आई आणि धाकटी बहीण हमीदा माझ्या आधीच आल्या होत्या. माझं वय तेव्हा एकोणीस.

घर खाडीपासून चालत पाच मिनिटांवर. खजुराच्या झावळ्यांच्या भिंती, मधे वाळूचं अंगण, कोपऱ्यात आईची चूल. सकाळ गाढवाच्या घुंगरांनी व्हायची. गोडं पाणी घासलेटच्या डब्यांतून गाढवावर यायचं आणि पाणीवाला दारात डबा आपटून हाक द्यायचा. त्यामागोमाग खाडीतल्या लाँचांची इंजिनं. ती एकदा सुरू झाली की दिवसभर पाठीमागे कुणीतरी ढोल बडवत असल्यासारखी चालू राहायची. नारळ रत्नागिरीहून लाँचीने यायचे, आमसुलंही. आईने पाटासुद्धा बोटीवर घालून आणला होता, त्यामुळे आमच्या जेवणात गावाहून फारसा फरक पडला नव्हता. मासा तेवढा वेगळा. इथल्या सुरमईला ओल्या गवताचा वास येतो अशी आईची तक्रार होती, आणि ती तिने पुढे अकरा वर्षं केली. शुक्रवारी ती सांदणं उकडायची. तांदळाच्या पिठाच्या त्या आंबूस वाफेत अब्बा डोळे मिटून बसत. आम्हाला वाटे वासाने. ते डोळ्यांना शेक देत होते हे नंतर कळलं.

अब्बा अबू राशिदची जीप चालवत. अबू राशिद जुन्या मोतीवाल्याचा मुलगा. मोत्यांचा धंदा संपल्यावर कापड आणि तांदूळ आणू लागलेला. लहानपणी बापाबरोबर मुंबईत राहिलेला, म्हणून अब्बांशी हिंदीत बोलायचा. हिवाळ्यात तो पाहुण्यांना घेऊन आतल्या वाळूत हरणांच्या शिकारीला जाई. तिथे अब्बांचं काम दुहेरी होतं. जीप मऊ वाळूत न रुतवता न्यायची, आणि दुसरी बंदूक धरायची. पाहुण्याच्या गोळीने हरीण नुसतं जखमी होऊन पळालं तर ते अब्बांनी पाडायचं. अब्बांनी गावी ठासणीच्या बंदुकीने रानडुकरं मारली होती; इथल्या थ्री-नॉट-थ्रीची त्यांना मजा वाटे. त्या वर्षी मात्र ते जीप दोनदा वाळूत घालून बसले. तिसऱ्या वेळी एका काटेरी झुडपाला उंट समजून त्यांनी करकचून ब्रेक मारला. अबू राशिद पुढच्या सीटवर होता. त्याचं कपाळ काचेवर आपटलं. अब्बांनी त्याला घरी सोडलं तेव्हा एवढंच म्हणाला, "भाई, आँखों को क्या हुआ?"

अब्बांनी खरं सांगितलं. उन्हातल्या वाळूवर त्यांना सगळं दुधासारखं दिसत होतं.

अबू राशिदने दोन दिवसांनी निरोप दिला तो असा: मुलाला तयार करा. गाडी आणि बंदूक दोन्ही त्याच्या हातात देऊन बघू. माग काढणाऱ्या मुबारकने होकार दिला तर तुमच्या जागी मुलगा. मुबारक नाही म्हणाला तर काय, हे निरोपात नव्हतं, कारण सांगायची गरज नव्हती. घर अबू राशिदचं होतं. काम गेलं की घर जाणार होतं, आणि आम्ही चौघं मिळेल त्या बोटीने रत्नागिरीला.

मुबारक हा अबू राशिदच्या शिकारीत जनावरांचा माग काढणारा, वाळूत राहणारा बदू, म्हणजे भटक्या टोळीतला अरब. त्याच्याविषयी तोवर मी फक्त ऐकलं होतं. वाळूवरचा खूर बघून तो मादी गाभण आहे की नाही हे सांगतो, आणि शिकारीत शेजारी कोण असावं हे तोच ठरवतो. अबू राशिदसुद्धा त्यात बोलत नसे. माझ्या गाडी चालवण्याची अब्बांना काळजी नव्हती. गाडी चालवताना माझ्याकडे कुणी बघत नाही, म्हणून हात हलत नसत. प्रश्न बंदुकीचा होता.

शिकवणी अंगणात सुरू झाली. बंदूक रिकामी, नळीच्या टोकावर खजुराची बी ठेवलेली. चाप ओढायचा आणि बी पडता कामा नये. पहिल्या दिवशी चापाला बोट लागायच्या आधीच बी पडली. हमीदा बारा वर्षांची होती. पडलेल्या बिया मोजण्याचं काम तिने स्वतःहून घेतलं.

"भाई, एकवीस," ती म्हणायची. "हरीण हसून हसूनच मरेल बघ."

"तू गप्प बस."

"मी गप्पच आहे. बी बोलतेय."

आई भाकरी थापता थापता तिकडून म्हणायची, "कोंबडी कापायची झाली तर हा तोंड फिरवतो, आणि निघालाय हरीण मारायला. ऐकलंत का, याला माशाच्या वखारीत चिकटवा कुठेतरी. मासा आधीच मेलेला असतो."

अब्बा यातलं काही मनावर घेत नसत. त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली आणि ती रोज तशाच्या तशी सांगितली. श्वास आत घे. अर्धा सोड. उरलेल्या श्वासावर बिस्मिल्ला म्हण. मनात नाही, ओठांनी. कुजबुज चालेल, पण तुझ्या कानाला ऐकू आलं पाहिजे. शब्द संपला की बोट. "हा शब्द अल्लासाठी आहे," ते म्हणाले, "पण हातासाठीपण आहे. माणूस बोलत असतो तेव्हा त्याला श्वास कोंडता येत नाही. श्वास कोंडला की रक्त नळीपर्यंत उड्या मारतं." स्वतःच्या पहिल्या रानडुकराची हकीगतही त्यांनी तेव्हाच सांगितली. हाकाऱ्यांनी रान उठवलं, डुक्कर समोरून आलं, अब्बांनी श्वास कोंडून बार काढला आणि गोळी फणसाला लागली. डुक्कर थांबून फणसाकडे बघत राहिलं. डुक्कर थांबलं होतं हे ते शपथेवर सांगत.

तिसऱ्या आठवड्यात बी पडायची थांबली. हमीदा अंगणातच असायची, आई बघत असायची, अब्बा शेजारी बसलेले असायचे, आणि शब्द म्हटला की हात थांबायचा. मला तो चमत्कार वाटला नाही. युक्ती वाटली, आणि युक्ती आपल्याला जमली असं वाटलं. रात्री झोप मात्र लागेना. अंथरुणात पडल्या पडल्या मी हवेत चाप ओढत असे.

मी हे दुबई मरीनात, मुलीच्या फ्लॅटमध्ये, एकतिसाव्या मजल्यावर बसून लिहितो आहे. काल नातवाने मागून येऊन पडद्यावरची दोन वाक्यं वाचायला लावली. मराठी त्याला ऐकून कळते, वाचता येत नाही. ऐकून तो म्हणाला, "नाना, यू शॉट अ डिअर? दॅट्स इल्लीगल!" आज ते खरंच आहे, इथे आता शिकारीला बंदी आहे आणि हरणं कुंपणाच्या आत, पाण्याच्या नळाजवळ उभी असतात. तेव्हा बंदी नव्हती. एवढं सांगून मी त्याला पाठवलं. बाकीचं त्याने विचारलं नाही.

त्या दिवशी आम्ही पहाटेच्या नमाजानंतर निघालो. पाहुणे नव्हते. अबू राशिद माझ्या शेजारी, मागे अब्बा आणि मुबारक. दाट धुकं होतं. वाळवंटात धुकं पडतं हे गावी कुणाला खरं वाटत नाही. काचेवरून पाणी ओघळत होतं आणि मला पुढचं दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. त्या बाबतीत अब्बा आणि मी सारखेच होतो. मुबारकला मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. साठीचा, काडीसारखा, अनवाणी, कमरेला वाकडा सुरा. वाटेत मी तीन जांभया दिल्या. त्याने अब्बांना अरबीत विचारलं, "हा शिकारीला आलाय की झोपायला?" अब्बा म्हणाले, "घाबरला की असं होतं त्याला." अब्बांनी हे सांगायला नको होतं असं मला वाटलं. मुबारक म्हणाला, "बरं. न घाबरणारा मी एकदा नेला होता. त्याने माझा उंट मारला."

धुकं विरायला लागलं तेव्हा घाफची झाडं दिसू लागली. घाफ म्हणजे आपल्या शमीच्या जातीतलं झाड. वाळूत एवढी एकच सावली. मुबारकने हात वर केला, मी गाडी थांबवली. तो उतरून वाकला आणि तसाच वाकलेला पुढे चालत गेला. परत येऊन चार बोटं दाखवली. चार हरणं, वारा आमच्याकडे येतोय. अबू राशिदने गाडीतच थांबायचं. मुबारक आणि मी टेकाडापर्यंत सरपटत जायचं. अब्बा म्हणाले, मीपण येतो. मुबारकने त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं.

"तुला काय दिसणार?"

"काही नाही. मला ऐकू येतं."

मुबारकने खांदे उडवले. आम्ही तिघं पोटावर सरकत टेकाडाच्या माथ्यापर्यंत गेलो. मी मधे, डावीकडे अब्बा, उजवीकडे मुबारक. वाळू वरून गार आणि दोन बोटं खाली ऊबदार होती. मी डोकं वर काढलं. दीडशे पावलांवर घाफच्या बुंध्याशी तीन माद्या आणि एक नर. नर झाडामागे. त्याची शिंगं दिसत होती, आणि शेपूट, जी सारखी हलत होती. मधलं अंग झाडाने झाकलेलं. त्याच्या पुढ्यात एक मादी उभी. नर बाहेर येईपर्यंत थांबायचं होतं.

किती वेळ थांबलो ते मला सांगता येत नाही. माझ्या हातात घड्याळ नव्हतं आणि नंतर विचारलं तेव्हा अब्बा म्हणाले पाच मिनिटं, मुबारक म्हणाला एक चहा. मला आठवतं ते असं: छाती वाळूला टेकलेली होती आणि प्रत्येक ठोक्याला नळीच्या टोकावरची माशी, नेम धरायची ती लोखंडी खूण, दाणाभर वर उडत होती. लघवी लागली. तोंडातली लाळ संपली. दोन बोटं हलू लागली. जांभई आली ती मी दातांत दाबली, तर डोळ्यांतून पाणी आलं आणि नेम विस्कटला. मग अब्बांचा हात माझ्या पाठीवर पडला, नुसता ठेवलेला, न थोपटता. मी श्वास आत घेतला, अर्धा सोडला, शब्द म्हटला, बोट ओढलं नाही. पुन्हा. पुन्हा. चारपाच वेळा हा सराव झाला. बोटं शांत झाली. नळीवरची माशी स्थिर झाली. भीती गेली हे मला जाणवलं, अगदी पाणी उतरल्यासारखं.

तेवढ्यात नर झाडामागून बाहेर आला आणि आडवा उभा राहिला. पूर्ण. बाजूने उन्हाची तिरीप, पोटाखालचं पांढरं, आणि मान आमच्या उलट दिशेला. आणि मला आनंद झाला. दुसरा शब्द मला आजही सापडत नाही. मी भीतीची तयारी केली होती. या गोष्टीची केली नव्हती. सगळं अंग हलकं झालं, हात दगडासारखे स्थिर होते, आता जमणार, जमलंच, एवढंच डोक्यात होतं, आणि मी बोट ओढलं.

हरीण जागच्या जागी खाली बसलं आणि मग कलंडलं. माद्या गेल्या. मुबारक उठून सुरा उपसून धावत सुटला. त्या वयात तो वाळूवरून ज्या वेगाने गेला तसा मी पुढे कुणाला जाताना पाहिलं नाही. पळायचं कारण होतं. गोळी लागलेल्या जनावरात धुगधुगी असेल तर अल्लाचं नाव घेऊन गळा कापायचा असतो. मग गोळी कशी सुटली हा प्रश्न उरत नाही. जनावर गोळीनेच मेलं असेल तर मात्र गोळी सोडताना घेतलेलं नाव हेच त्याचं जिबह, त्यानेच ते हलाल होतं. मुबारक पोचला, गुडघ्यावर बसला, त्याने मानेला हात लावला, डोळ्याला बोट लावलं. सुरा परत म्यानात घातला. हरीण मेलेलं होतं. गोळी इतकी नीट बसली होती.

मी आणि अब्बा पोचलो तेव्हा तो उभा होता. त्याने माझ्याकडे बघून विचारलं, "सम्मेत?" नाव घेतलंस का? शिकारीनंतर हे विचारतातच. त्यात संशय नसतो, रीत असते.

मी म्हणालो, "हो."

त्या क्षणी मला आठवत होतं की नव्हतं, हे मी आयुष्यात पुष्कळ वेळा तपासलं आहे. आठवत होतं. सरावाच्या वेळचा शब्द प्रत्येक वेळी कानाने ऐकला होता. शेवटच्या वेळी कानाने फक्त बार ऐकला.

मुबारकने माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "ज़ैन." चांगलं. तो जास्त बोलणारा माणूस नव्हता. अबू राशिद जीपकडून हातवारे करत येत होता. "अरे वा! एक गोली! बाप का बेटा! यल्ला, चलो, लकडी लाओ, यहीं पकाएँगे, मुझे भूख लगी है!" अब्बा हसले. ते हसणं मला ओळखू आलं नाही.

यापुढचे दोन-अडीच तास गोळीच्या आधीच्या पाच मिनिटांपेक्षा वाईट गेले. इथे एक गोष्ट सांगायला हवी. आम्ही कोकणी मुसलमान शाफई मताचे. आमच्या मताप्रमाणे नाव घ्यायचं राहून गेलं तरी शिकार हराम होत नाही. अबू राशिदच्या मताप्रमाणेही विसरलेल्याला माफी आहे. पण मुबारक ज्या मताचा होता त्यात शिकारीला विसरण्याची सवलत नाही. नाव नाही तर ते मढं. हे मला ठाऊक होतं, कारण शिकवणीच्या दिवसांत अब्बांनीच सांगितलं होतं. म्हणजे एकाच पातेल्यातलं मांस तिघांना चालत होतं आणि चौथ्याला नाही, आणि तो चौथा माझ्या शब्दावर ते खाणार होता. दुसरीकडे, त्याच चौथ्याच्या शब्दावर आमचं घर होतं. त्याने "ज़ैन" म्हटलं होतं. आणखी काही करायची गरज नव्हती. गप्प बसायचं होतं, आणि ते मला जमत असे.

मला एका जागी बसवेना. मी जीपच्या चारही चाकांची हवा पाहिली. जमवलेली लाकडं पुन्हा जमवली. घाफला तीन फेऱ्या घातल्या. मुबारकने हरीण सोललं, पातेल्यात तूप, कांदा, सुकवलेली काळी लिंबं आणि मांस घातलं, झाकण ठेवलं. कलेजी त्याने निखाऱ्यावर भाजली आणि पहिला तुकडा मला दिला, कारण तो मारणाऱ्याचा. मी म्हणालो, तुम्ही घ्या. "माझे दात कुठे उरलेत," तो म्हणाला. "मी भाताबरोबर मऊ झालेलं खाईन. तू खा. काडी झालायस." मी तुकडा तोंडात घातला. मला तो चालत होता. चावला, चावला, आणि तो गिळता येईना. शेवटी पाण्याच्या घोटाबरोबर ढकलला. अबू राशिद बोटं चाटत म्हणाला, "क्यों मियाँ, अपना ही शिकार गले नहीं उतरता?"

अब्बा जीपच्या सावलीत पाय पसरून बसले होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. पातेल्यातून वास सुटला होता.

"अब्बा, मी नाव घेतलं नव्हतं."

"ठाऊक आहे."

"तुम्हाला?"

"तुझ्या शेजारी पडलो होतो मी. चार वेळा ऐकलं. पाचव्यांदा नाही ऐकलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"त्याने तुला विचारलं होतं."

मी म्हणालो, "सांगितलं तर काम जाईल."

"जाईल बहुतेक."

"आई काय म्हणेल?"

"ती काय, माशाला ओल्या गवताचा वास येतो म्हणते. गावचा मासा मिळेल तिला." त्यांनी पायावरची वाळू झटकली. "मी तुला सांग म्हणणार नाही. सांगू नको असंही नाही म्हणणार. मी काही बोललो तर माझ्या डोळ्यांपायी तुला बोलायला लावलं, किंवा गप्प बसवलं, दोन्हीपैकी एक होईल. भात शिजायला अजून वेळ आहे." आणि त्यांनी डोळे मिटून घेतले, शुक्रवारच्या वाफेत मिटत तसे.

मी उठलो आणि बसलो. पुन्हा उठलो. भात निथळून पातेल्यात पडला, झाकणावर निखारे ठेवले गेले, निखारे काढले गेले. मुबारकने मोठ्या थाळात सगळं उलटं केलं. आम्ही चौघं थाळाभोवती बसलो. मुबारकने हात धुतले, मोठ्याने बिस्मिल्ला म्हटलं, बोटांनी भात आणि मऊ मांस एकत्र करून घास केला. घास वर उचलला गेला तेव्हा मी त्याचं मनगट धरलं.

थोराच्या हातातला घास धरणं म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला अबू राशिदचा चेहरा सांगायला नको. "क्या करता है?" तो ओरडला.

मी माझ्या तुटक्या अरबीत म्हणालो, "मी नाव घेतलं नव्हतं."

मुबारकने हात खाली नेला. घास तोंडाला लागला नव्हता. तो त्याने थाळात न ठेवता शेजारी वाळूवर ठेवला आणि बोटं वाळूने पुसली, सावकाश, एकेक बोट.

"टाळलंस की विसरलास?"

"विसरलो."

"भीतीने?"

"नाही. आनंदाने."

तो माझ्याकडे बघत राहिला. "भीतीने विसरणारे पाहिलेत मी," तो म्हणाला. "आणि मी विचारलं तेव्हा?"

"तेव्हा आठवत होतं."

 वारा थाळात वाळू आणू लागला तेव्हा अबू राशिदने ओढणीसारखं डोक्यावरचं कापड थाळावर धरलं. मुबारकने पिशवीतून खजूर काढले आणि खाऊ लागला. "खा तुम्ही," तो आम्हा तिघांना म्हणाला. "तुम्हाला चालतं. अन्न आहे ते, फेकायचं नाही." आम्ही खाल्लं. अब्बांनी पोटभर खाल्लं. त्या मांसाची चव मला आठवत नाही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. काळ्या लिंबाचा आंबटपणा तेवढा आठवतो.

कॉफी झाल्यावर अबू राशिदने विचारलं. माझ्यासमोरच विचारलं, अरबीत, अब्बांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. "बोल मुबारक. याच्याबरोबर जाशील?"

मुबारक कपातला गाळ बघत होता. "बंदूक नको," तो म्हणाला. "गाडी दे."

"नुसती गाडी? आणि जखमी हरीण पळालं तर पाडणार कोण?"

"मी धावेन."

"तू किती वर्षं धावणार?"

"ते तू नको मोजू. मी धावेन. गाडी याला दे. वाळूत चांगली चालवतो, चाक कुठे घालायचं ते कळतं त्याला. खलास."

अबू राशिदने आपला कप खाली ठेवला. मग अब्बांकडे वळून हिंदीत म्हणाला, "सुना? घर में बोल देना, सामान मत बाँधना." अब्बांनी मान हलवली.  मला जांभई आली, आणि या वेळी ती मी दाबली नाही.

बंदूक मी पुढे कधी हातात घेतली नाही. कुणी दिली नाही आणि मी मागितली नाही. गाडी चार हिवाळे चालवली, नंतर वर्तमानपत्राच्या नोकरीसाठी मुंबईला गेलो. अब्बांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षी झालं आणि त्यांना अर्धंमुर्धं दिसू लागलं. त्या चार हिवाळ्यांत मुबारक सात-आठ जखमी हरणांमागे धावला. दोन त्याच्या हातून सुटली. त्या दोन्ही वेळा तो धापा टाकत परत आला, शेजारी बसला आणि माझ्याकडे बघितलंही नाही. मला ते बघण्यापेक्षा जास्त लागलं.

पण त्या दुपारचं अजून थोडं राहिलं आहे. सामान भरून झाल्यावर अबू राशिद म्हणाला की त्याला झोपायचंय, आणि मागे अब्बांशेजारी जाऊन आडवा झाला. पुढची सीट रिकामी राहिली. मुबारक तिथे येऊन बसला. मी किल्ली लावली. फिरवणार, तोच त्याने आपला हाडकुळा हात माझ्या हातावर ठेवला.

"नाव," तो म्हणाला.

मी पुटपुटलो.

"मोठ्याने. इंजिनाच्या आधी मला ऐकू आलं पाहिजे."

मी मोठ्याने म्हणालो. मागून अब्बा आमच्या भाषेत म्हणाले, "मलाही आलं ऐकू." मुबारकने हात काढला. मी किल्ली फिरवली. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. मी दुसऱ्यांदा किल्लीला हात घातला, तर त्याचा हात परत येऊन माझ्या हातावर बसला होता.